नाश आणि त्याचा कर्ता

उत्पन्न झालेली वस्तू नाहीशी होते ती आपल्या स्वभावानेच होते, की तिला नाहीशी करणारे दुसरे काही कारण असावे लागते, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत जो दीर्घ वाद झाला, त्याच्या तोडीचा सूक्ष्म आणि चिवट वाद तत्त्वज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळेल. वसुबंधू आणि त्याच्यामागून सातव्या शतकातील धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांचे म्हणणे असे की, विनाश निर्हेतुक आहे. घटावर मुद्गर पडला तर त्या मुद्गराने खापऱ्या निर्माण केल्या एवढेच म्हणता येते, घटाचा अभाव निर्माण केला असे म्हणता येत नाही, कारण अभाव ही कोणी करावी अशी वस्तूच नव्हे. शिवाय नाश जर बाहेरच्या कारणावर अवलंबून असता, तर ज्या वस्तूची आणि त्या कारणाची कधी गाठच पडली नाही, ती वस्तू अनंतकाळ तशीच राहिली असती. नैयायिकांचे उत्तर त्यांच्या अभावविचारातून आले. प्रागभावाला, म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीच्या तिच्या अभावाला, आरंभ नसतो पण अंत असतो. प्रध्वंसाभावाला, म्हणजे नाशानंतरच्या अभावाला, आरंभ असतो पण अंत नसतो. आणि ज्याला आरंभ आहे ते कार्य होय, म्हणून त्याला कारण हे असलेच पाहिजे. उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त वस्तू क्षणोक्षणी नष्ट होते या क्षणभंगवादाचे खंडन अगदी आरंभीच हाती घेतले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य त्यांना किती वाटत होते हे दिसून येते.

हा वाद आता पाठशाळांपुरता उरला आहे अशी समजूत आहे. मला ती मान्य नाही. दोन संगणकांमधील संभाषण सुरू करण्याची विद्या सोपी आहे आणि ती सर्वत्र शिकवली जाते. ते संभाषण संपवण्याची विद्या मात्र इतकी अवघड आहे की, चांगले चांगले प्रोग्रॅमर तिच्यापाशी अडखळतात, आणि ती अवघड असण्याचे कारण यंत्रांत नसून नाश या पदार्थाच्या स्वरूपातच आहे. ज्या जागी धर्मकीर्तीचा आणि उदयनाचार्यांचा पक्ष आपणास प्रत्यक्ष पडताळून पाहता येतो अशी ही एक दुर्मिळ जागा आहे, आणि म्हणूनच तिचा विचार थोडा सावकाश केला पाहिजे.

व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली जी कल्पना मांडली आणि जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली सप्टेंबर १९८१ मध्ये जिचा विधिनियम सिद्ध झाला, ती टीसीपी ही पद्धती आजही जगातील बहुसंख्य संगणकीय संवाद वाहते. १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी आपल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत तिला प्रोग्रॅमरच्या हाती देण्याकरिता सॉकेट नावाचे द्वार निर्माण केले. या द्वारांना जोडणारी जी ‘जोडणी’, ती म्हणजे कोठे ओढलेली तार नव्हे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. ती दोन दूरच्या दफ्तरांतील दोन नोंदींच्या रूपाने असते. इकडच्या यंत्राने लिहून ठेवले आहे की अमुक पत्त्याच्या अमुक पोर्टाशी आपला करार आहे, आणि तिकडच्याने तेच उलट बाजूने लिहून ठेवले आहे. दोघेही गप्प बसले तर मध्ये एकही संदेश प्रवास करीत नाही, आणि तरीही जोडणी अस्तित्वात असते. मूळ विधिनियमात अशा निःशब्द जोडणीला वयोमर्यादा घातलेली नाही. मधली तार उपटून काढा, महिन्याने परत जोडा. दोन्ही यंत्रे मधल्या काळात बंद पडली नसतील आणि कोणी बोलण्याचा प्रयत्न केला नसेल, तर संवाद जेथे थांबला होता तेथून पुढे चालू होईल.

आता या नोंदी मिटवायच्या कशा? ज्याला बोलायचे उरले नाही तो ‘फिन’ नावाचा संदेश धाडतो. दुसरा त्याची पोच देतो, आपले बोलणे संपले म्हणजे आपलाही ‘फिन’ धाडतो, आणि त्याची पोच आली म्हणजे फारखत पुरी होते. यातील मधला टप्पा मार्मिक आहे. पहिला ‘फिन’ आला की त्याची पोच कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, स्वतःच देतो, पण आपल्या बाजूचे द्वार मिटण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. ते ज्या प्रोग्रॅमने उघडले त्यानेच मिटायचे असते. तोपर्यंत ती नोंद ‘क्लोज-वेट’ या अवस्थेत राहते, आणि या अवस्थेला कोणतीही मुदत नाही. प्रोग्रॅम द्वार मिटण्यास विसरला तर पलीकडचा केव्हाच निघून गेला असला तरी ही नोंद तास, दिवस, आठवडे तशीच उभी राहते. अशा नोंदी एकावर एक साचतात, आणि लिनक्सवर एका प्रोसेसला पुष्कळदा जी १०२४ उघड्या द्वारांची मर्यादा असते ती गाठली गेली की निरोगी दिसणारा सर्व्हर नव्या माणसाला दारातच नाकारू लागतो. ज्या वस्तूला नाशाचे कारण भेटले नाही ती चिरकाल राहील, हा निष्कर्ष बौद्ध आचार्यांनी प्रतिपक्षाला अडचणीत आणण्यासाठी, म्हणजे एक अशक्य कोटी म्हणून, पुढे केला होता. येथे ती कोटी रोजची वस्तुस्थिती आहे. येथपर्यंत तरी निकाल नैयायिकांच्या बाजूने द्यावा लागतो. नाश आपोआप होत नाही. तो करावा लागतो, आणि करण्याची जबाबदारी ज्याने आरंभ केला त्याच्यावर येते.

प्रोसेसच मेली तर? तर कर्नल तिच्या सर्व द्वारांचा ताबा घेऊन ती एकेक मिटतो आणि सामान्यतः तिच्या वतीने ‘फिन’ही पाठवतो, मृताचे देणेघेणे निपटणारा वारस प्रत्येक कार्यप्रणालीत असतो, आणि ही व्यवस्था मला फार सुसंस्कृत वाटते. परंतु वीज गेली आणि कर्नलसह सारेच एका क्षणात विझले, तर निरोप देणारे कोणीच उरत नाही. पलीकडच्या यंत्राच्या दफ्तरात जोडणी सुखरूप असते. त्याला दिसते ते केवळ मौन.

या मौनाचा अर्थ काय करावा, हा कुमारिल भट्टांचा प्रश्न आहे. अभावाचे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते याविषयी भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. प्राभाकरांनी अभाव हा पदार्थच नाकारून, घटरहित भूतल म्हणजे नुसते भूतल, असे म्हटले. नैयायिकांनी अभावाचे प्रत्यक्ष मानले. मतभेद एवढे असले तरी एक अट महत्त्वाची मानली गेली, ती ही की अनुपलब्धी योग्य असली पाहिजे, म्हणजे वस्तू तेथे असती तर ती उपलब्ध झालीच असती अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे सिद्ध होत नाही. जोडणीवरील मौनाला हीच योग्यता नसते. पलीकडचा मेला असेल, मधला मार्ग तुटला असेल, किंवा त्याला आज काही सांगायचे नसेल. तिन्ही पक्षी ऐकू येणारे सारखेच. म्हणून ‘कीप-अलाइव्ह’ नावाची एक सोय ठेवलेली आहे, जिचे काम मौनाला योग्यता आणून देणे हे आहे: दीर्घकाळ काही आले नाही तर ‘आहेस का’ असे विचारणारा रिकामा संदेश धाडायचा. ऑक्टोबर १९८९ मधील नियमाप्रमाणे या विचारणेपूर्वीचा नेहमीचा काळ दोन तासांपेक्षा कमी असू नये. लिनक्समध्ये तो ७२०० सेकंद आहे, त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा विचारणा होते, आणि मगच जोडणी मृत मानली जाते. एवढे करूनही पलीकडचा मेला की मार्ग तुटला हे कळत नाहीच. जे कळते ते अनुमान असते.

याउलट ‘फिन’ आला तर ज्ञान शब्दप्रमाणाने होते. बोलणारा स्वतःच सांगतो की माझे बोलणे संपले. वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती शून्य ही संख्या पडते, आणि ते शून्य म्हणजे काही न मिळणे नव्हे, तर समाप्तीचे स्पष्ट वचन होय. पण हे वचन नेमके कशाचे, हे नीट पाहिले पाहिजे. ‘मी यापुढे बोलणार नाही’ एवढेच ते सांगते. ‘मी यापुढे ऐकणार नाही’ असे ते सांगत नाही. टीसीपीची जोडणी हे दोन स्वतंत्र प्रवाहांचे युग्म आहे, आणि एक संपला तरी दुसरा चालू राहू शकतो. बर्कलीच्या रचनेत म्हणूनच दोन निराळ्या आज्ञा आहेत. ‘शटडाऊन’ ही आज्ञा संवादावर चालते, म्हणजे त्यातील एक प्रवाह किंवा दोन्ही संपवते. ‘क्लोज’ ही आज्ञा त्या द्वारावरील आपला हक्क सोडते, आणि दुसऱ्या कोणा प्रोसेसचा त्याच द्वारावर हक्क शिल्लक असेल तर संवाद मुळीच संपत नाही. विंडोजने १९९३ च्या आपल्या सॉकेट-विधानात क्लोजच्या जागी ‘क्लोजसॉकेट’ ही निराळी आज्ञा ठेवली, कारण तेथे सॉकेट ही फाइलींच्या पंक्तीत बसणारी वस्तू नाही. शिवाय सर्व व्यवहाराच्या आधी एक प्रारंभविधी आणि अखेरीस एक समाप्तिविधी करण्याचा दंडकही तेथे आहे.

बोलणे संपवण्याचा अर्थ सर्व कार्यप्रणालींत एकच आहे. ऐकणे संपवण्याचा मात्र तसा नाही. ‘मी यापुढे ऐकणार नाही’ असे शटडाऊनने जाहीर केल्यावरही पलीकडून शब्द आले तर काय करावे? लिनक्स ते शब्द घेतो, पोच देतो, आणि ऐकणाऱ्याने मन बदलले तर त्याला ते वाचूही देतो. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी आपल्या ग्रंथात वर्णिलेली बर्कली परंपरेची रीत अशी की, शब्दांची पोच द्यावी आणि मग ते निमूटपणे टाकून द्यावेत. विंडोज संवादच मोडते आणि ‘रिसेट’ धाडून पलीकडच्याला सांगते की तुझे म्हणणे पोचवता येत नाही. या तिन्हींपैकी कोणती रीत नीतीला धरून आहे? पहिली मला उदार वाटते, पण तीत प्रतिज्ञेला अर्थ राहत नाही. दुसरी सभ्य दिसते, आणि मला तीच सर्वांत अधिक खटकते. ज्याचे शब्द आपण टाकून देत आहोत त्याला ते पोचल्याची पावती देणे हे असत्य आहे, मग ती पावती कितीही सौम्य का असेना. विंडोजची रीत कठोर आहे, तरी ती पलीकडच्याला अंधारात ठेवीत नाही. 

यापेक्षाही दुःखद प्रसंग एक आहे. आलेले शब्द न वाचताच ‘क्लोज’ केले तर १९८९ च्या नियमानुसार लिनक्स ‘फिन’ऐवजी ‘रिसेट’ पाठवतो. न वाचलेले शब्द हरवले हे पलीकडच्याला कळावे हा त्यामागील हेतू प्रामाणिक आहे. परंतु समजा, सर्व्हरने आपले उत्तर आधीच पाठवले होते आणि ते पलीकडच्या यंत्रात पोचून वाचले जाण्याची वाट पाहत पडले होते. मागोमाग येणारा ‘रिसेट’ कित्येकदा ते उत्तरही पुसून टाकतो, आणि दिलेला शब्द देणाऱ्याच्याच घाईने व्यर्थ होतो. हे टाळण्यासाठी अपाची आणि एन्जिनएक्स हे सर्व्हर क्रमाने निरोप घेतात: प्रथम आपले बोलणे संपल्याचे जाहीर करतात, मग पलीकडचा आपले म्हणणे संपवीपर्यंत किंवा ठरावीक मुदत सरेपर्यंत, गरज नसलेलेही, ऐकत राहतात, आणि त्यानंतरच द्वार मिटतात. एचटीटीपीच्या विधिनियमातही हीच शिफारस आहे. मला या क्रमाविषयी आदर वाटतो.

कर्त्याला आपण नाश केला की नाही हे तरी निश्चित कळते काय? तेही नेहमी कळत नाही. ‘क्लोज’ ही आज्ञा चालू असताना मध्येच व्यत्यय आला, तर लिनक्सवर द्वार मिटलेलेच असते, एचपी-यूएक्सवर ते उघडेच राहते, आणि युनिक्स कुळातील प्रणालींसाठीच्या पॉझिक्स या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीने त्या द्वाराची स्थिती अनिर्धारित ठेवली. पुन्हा मिटू जावे तर आणखी एक संकट उभे असते: मिटलेल्या द्वाराचा क्रमांक मोकळा होतो आणि सर्वांत लहान मोकळा क्रमांक पुढच्या द्वाराला दिला जातो, म्हणून दुसऱ्या खेपेला मिटले जाणारे द्वार भलत्याच संवादाचे असू शकते. एखादा थ्रेड नव्या जोडणीची वाट पाहत बसला असता दुसऱ्या थ्रेडने ते द्वार मिटले, तर विंडोजवर वाट पाहणारा जागा होतो. लिनक्सवर तो बसूनच राहतो, त्याला शटडाऊनने उठवावे लागते. आणि तोच उपाय मॅकओएसवर केला तर ‘ही जोडणीच नाही’ असे उत्तर येते. शिवाय निघून गेलेल्याशी बोलण्याचा प्रयत्न केल्यास युनिक्स कुळातील प्रणाली बोलणाऱ्या प्रोसेसलाच मृत्युदंडाचा संकेत देतात. विंडोज नुसती चूक नोंदवते.

आता या सर्वांच्या तळाशी असलेल्या अडचणीकडे वळतो. शेवटची पोच पोचली की नाही, हे ती पाठवणाऱ्याला कसे कळावे? तिची पोच मागितली तर ती नवी पोच शेवटची होते, आणि तिच्याविषयी तोच प्रश्न उभा राहतो. संदेश हरवू शकतात अशा मार्गावरून दोघांना एकच गोष्ट एकमेकांना ठाऊक असल्याची खात्री सीमित संदेशांत होऊ शकत नाही, हे १९७५ मध्ये दाखवले गेले, आणि जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये या कोड्याला दोन सेनापतींचे नाव दिले. शास्त्रकारांनी अनवस्था, म्हणजे कोठेच न थांबणारी परंपरा, हा दोष म्हणून सांगितला; येथे ती वस्तूचा स्वभाव आहे, आणि कोणत्याही चातुर्याने तिचा परिहार होत नाही. मग टीसीपीने काय केले? तिने ज्ञानाचा नाद सोडला आणि प्रतीक्षा पत्करली. जो आधी संवाद संपवतो, तो शेवटची पोच दिल्यावर लगेच आपली नोंद पुसत नाही. ‘टाइम-वेट’ नावाच्या अवस्थेत तो थांबतो, अशासाठी की आपली पोच हरवली असेल आणि पलीकडच्याने ‘फिन’ पुन्हा पाठवला तर उत्तर द्यायला कोणी असावे, आणि याच जोडणीचे वाटेत रेंगाळलेले जुने शब्द पुढच्या एखाद्या संवादात शिरू नयेत. संदेशाचे कमाल आयुष्य मूळ विधिनियमात दोन मिनिटे धरले आहे आणि प्रतीक्षा त्याच्या दुप्पट, म्हणजे चार मिनिटे. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांनी २४० सेकंद पाळले. लिनक्सने ६० सेकंद ठरवले. मॅकओएस ३० सेकंदांवर थांबते. प्रतीक्षेचा भार आधी निरोप घेणाऱ्यावर पडतो, या व्यवस्थेत मला केवळ सोय दिसत नाही, न्यायही दिसतो.

या न्यायाचा कंटाळा करणारे पुष्कळ. प्रतीक्षेतील नोंदी जागा अडवतात म्हणून त्या लवकर निकालात काढण्याची एक युक्ती लिनक्समध्ये दीर्घकाळ उपलब्ध होती. एकाच पत्त्याआड अनेक यंत्रे असतात तेथे तिच्यामुळे निरपराध माणसांच्या जोडण्या नाकारल्या जात, आणि २०१७ साली ४.१२ या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. मूळ विधिनियमाची दृष्टी अगदी निराळी होती. एखादे यंत्र कोसळून त्याची स्मृती गेली, आपण कोणाशी काय बोलत होतो हे त्याला आठवेनासे झाले, तर परत उठल्यावर त्याने संदेशाच्या कमाल आयुष्याएवढा काळ काहीही बोलू नये, असे तेथे सांगितले आहे. घरातील मृत्यूनंतर आपल्याकडे सूतक पाळले जाते, व्यवहार काही काळ तहकूब राहतात. गेलेल्याचे जे अद्याप वाटेत आहे त्याला सरून जाऊ द्यावे, हा भाव दोन्हींकडे आहे असे मला वाटते.

बौद्ध पक्षाला अखेरचा शब्द दिल्याशिवाय हा विषय सोडणे अन्यायाचे होईल, कारण मे २०२१ मध्ये सिद्ध झालेल्या क्विक या नव्या पद्धतीत त्यांच्या मताला अनपेक्षित आधार मिळाला आहे. तेथे जोडणीच्या जन्मक्षणीच दोन्ही पक्ष आपापली मौनाची मर्यादा सांगू शकतात. दोहोंतील लहान मर्यादा लागू होते. ती उलटली की कोणी कोणाला काहीही न कळवता दोन्हीकडच्या नोंदी पुसल्या जातात. नाश येथे जन्माबरोबरच आलेला आहे, मुद्गराची वाट पाहावी लागत नाही, असे धर्मकीर्तीचा अनुयायी आनंदाने म्हणेल. मी त्याला एवढेच सुचवीन की, ती मर्यादा वस्तूच्या स्वभावात नव्हती, ती दोघांनी आधी बोलून ठरवली; संवाद चालू असेपर्यंत ती पुढे पुढे ढकलली जाते; म्हणजे कर्ता नाहीसा झाला नाही, त्याने आपले कर्म आरंभीच करून ठेवले. आणि या निःशब्द नाशातही जुनी अनिश्चितता उरतेच. मर्यादा संपत आली असता पाठवलेला शब्द पलीकडे पोचेपर्यंत तेथील नोंद पुसली गेलेली असू शकते. म्हणून ज्याला अजून काही सांगायचे आहे त्याला नवी पद्धती अशी मुभा देते की, मुदत जवळ आली असल्यास त्याने आधी एक लहानसा संदेश धाडून पलीकडे कोणी आहे का ते विचारावे, आणि उत्तर आले म्हणजे बोलावे.